गटारातून गेलेला नळ

सकाळी पावणेसहाच्या सुमारास आमच्या गल्लीतल्या नळांना आधी नुसती हवा येते. नळ सूं सूं करतो, दोन-चार वेळा थुंकल्यासारखे पाणी टाकतो, मग पातळ चहाच्या रंगाची धार लागते आणि मिनिटा-दोन मिनिटांनी ती निवळते. समोरच्या काकू पहिल्या दोन बादल्या संडासातल्या पिंपात ओततात आणि तिसऱ्या बादलीपासून पिण्याचे हंडे भरायला घेतात. हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. त्यांच्या सासूबाई तेच करीत असत. पाणीपुरवठ्याच्या कामात तेहतीस वर्षे घालवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला काकूंच्या या रोजच्या कृतीत आमच्या सगळ्या कामाविषयीचे एक प्रमाणपत्र दिसते, आणि ते चौकटीत घालून भिंतीवर लावावे असे नाही.

त्या पहिल्या बादलीत नेमके काय असते, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत पडलाच नाही. आम्ही नदीच्या जॅकवेलमधून, म्हणजे काठावरच्या उपशाच्या विहिरीतून, पाणी उचलत होतो, तुरटी देऊन गाळ बसवत होतो, वाळूच्या थरातून गाळत होतो, क्लोरीन देऊन उंच टाकीत चढवत होतो. टाकीच्या पायथ्याशी घेतलेला नमुना प्रयोगशाळेतून ‘पिण्यास योग्य’ असा शेरा घेऊन आला की आपले काम संपले, अशी आमची अगदी प्रामाणिक समजूत होती. टाकीपासून माणसाच्या ओठांपर्यंत पाण्याला आणखी किती वाट चालायची असते, हे मला एका तालुक्याच्या गावातील एका गल्लीने शिकवले.

त्या गल्लीत पावसाळ्याच्या तोंडाशी काविळीचे रुग्ण निघू लागले. आधी दोन, मग एकाच घरात तिघे, मग शाळेत जाणाऱ्या मुली. आरोग्य खात्याची माणसे आली आणि पाण्याकडे बोट दाखवून गेली, तेव्हा मी मनातून चिडलोच होतो, कारण टाकीवरचे क्लोरीनचे यंत्र व्यवस्थित चालू होते आणि नोंदवहीत रोजची सही होती. मी ओटीची पेटी घेऊन स्वतः निघालो. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिनची चाचणी: काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचे, दोन-तीन थेंब टाकायचे, आणि पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळे होते. टाकीखालच्या नळावर नळी हळदीसारखी पिवळी झाली. गल्लीच्या तोंडाशी पिकल्या लिंबाच्या सालीइतकी. सातव्या घरापाशी रंग आहे की भास आहे अशी शंका येऊ लागली आणि अकराव्या घरी नळी जशी भरली तशीच राहिली. सातव्या आणि अकराव्या घराच्या मध्ये क्लोरीन कशात तरी खर्ची पडत होते.

आम्ही गटारावरच्या फरश्या उचलल्या. जुन्या गावांत गटार घरांच्या दारासमोरून जाते आणि रस्त्यातली मुख्य नलिका त्याच्या पलीकडे असते, त्यामुळे प्रत्येक घरजोडणीचा अर्धा इंची लोखंडी पाइप गटार ओलांडून, बहुतेक ठिकाणी गटाराच्या पाण्यातूनच, घरात शिरतो. नवव्या घराच्या पाइपला गंजून तुरीच्या डाळीएवढे छिद्र पडले होते. त्यावर कोणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून सुतळीने घट्ट बांधली होती. पाणी चालू असताना त्या पट्टीच्या कडेने बारीक कारंजे उडत होते. चावीवाल्याने पाणी बंद केले आणि आम्ही तसेच उकिडवे बसून राहिलो. दहाएक मिनिटांनी गटारातले काळे पाणी त्याच जागी लहानसा भोवरा करीत आत जाऊ लागले. चावीवाला माझ्याहून वयाने मोठा होता. तो म्हणाला, “साहेब, ही एकच आहे होय? चला पुढं, दाखवतो.” त्या दिवशी त्याने मला त्या एका गल्लीत अशा आणखी पाच जागा दाखवल्या.

यात विज्ञान अवघड असे काहीच नाही. नलिकेत दाब असतो तोवर प्रत्येक भेग पाणी बाहेर टाकते. पाणी बंद झाले की सखल भागातली घरे नलिकेतले उरलेसुरले पाणी ओढून घेतात, चढावरच्या भागात पोकळी तयार होते, आणि आतापर्यंत बाहेर टाकणारी तीच भेग आता बाहेरचे आत ओढू लागते. ज्यांच्या नळाला पाणी कमी येते ते नळाला थेट विजेची मोटर लावतात आणि ही ओढ आणखी वाढवतात. थोडक्यात, दिवसाला दीड तास पाणी देणारी योजना उरलेले साडेबावीस तास गावाच्या जमिनीतला आणि गटारातला ओलावा गोळा करीत असते. त्यातून क्लोरीन अधिक द्यावे, तर टाकीजवळच्या लोकांना औषधाचा वास येतो आणि टोकाच्या लोकांना तरीही पुरत नाही. शेवटच्या नळावरही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे असा आपल्याकडचा दंडक आहे; ठरावीक वेळच सुटणाऱ्या पाण्यात तो पाळणे म्हणजे फुटक्या माठात पाण्याची पातळी राखणे आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत सुरक्षित पाण्याची जी व्याख्या वापरतात, तिच्यात म्हणूनच तीन अटी आहेत: पाणी घराच्या आवारात असावे, हवे तेव्हा मिळावे आणि दूषित नसावे. या कसोटीवर २०२२ साली जगातील सुमारे २२० कोटी लोक उतरत नव्हते, आणि संडासाच्या बाबतीत, म्हणजे मैल्याची शेवटपर्यंत नीट विल्हेवाट लागते या अर्थाने, सुमारे ३५० कोटी लोक. आपण या तीन अटींपैकी पहिलीवर सगळा जोर देतो. ऑगस्ट २०१९ मध्ये जलजीवन मिशन जाहीर झाले त्या वेळी देशातल्या ग्रामीण घरांपैकी साधारण सहांतल्या एका घरात नळ होता आणि त्यानंतर नळ फार वेगाने वाढले, ही लहान गोष्ट नाही; मैल-मैल हंडे वाहिलेल्या बाईला विचारले तर ती तसे सांगेल. परंतु मधली अट, ‘हवे तेव्हा’, ही आपल्याकडे चैनीची बाब मानली जाते, आणि माझ्या मते तिसरी अट या मधल्या अटीवरच उभी आहे.

‘हवे तेव्हा’ नसण्याची किंमत कोण देते, हे पाहण्यासारखे आहे. वर्षाची पाणीपट्टी पाहिली तर आपल्या गावांतले पाणी फार स्वस्त. पण पाणी तासावर आले की प्रत्येक घराला स्वतःची एक छोटी पाणीपुरवठा योजना काढावी लागते: जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, मधे मोटर, तिचे वीजबिल, आणि स्वयंपाकघरात शुद्धीकरणाचे यंत्र. ज्याला हे परवडते तो विसरूनही जातो की पाणी दीड तासच येते. ज्याला परवडत नाही त्याच्या घरात दोन निळी पिंपे असतात, त्यांवर झाकण म्हणून पत्र्याचा तुकडा असतो, त्यांत डेंग्यूच्या डासाची अंडी असतात आणि पाणी येण्याच्या वेळी घरातल्या कोणा एकीला कामावर किंवा शाळेत जाता येत नाही. पाणी उकळून प्या अशी दवंडी आम्हीही पिटवली आहे, पण रोज दहा लिटर पाणी वीस मिनिटे उकळायला जो गॅस लागतो त्याचा हिशेब आमच्यापैकी कोणी कधी केला नव्हता. झोपडपट्टीत तर नळ मिळण्याआधी घर अधिकृत आहे का हेच विचारले जाई. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही पाणी नाकारता येणार नाही असा निकाल दिला, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तोवर ही माणसे पाण्याविना राहत नव्हती, हे लक्षात घ्यावे. ती टँकरवाल्याकडून, शेजारच्या नळावरून, पिंपाच्या भावाने, म्हणजे अधिकृत ग्राहकाच्या कितीतरी पट दराने पाणी विकत घेत होती.

मग पाणी चोवीस तास का देत नाहीत? हा प्रश्न मी सभांमध्ये शेकडो वेळा ऐकला आणि ‘पाणी पुरत नाही’ हे उत्तरही तितक्याच वेळा दिले. ते उत्तर अर्धेच खरे होते. शहरी योजनेत माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. आमच्या बहुतेक योजनांत टाकीवर चढणारे पाणी त्याच्या जवळपास होते. ते माणसापर्यंत पोचत नव्हते, एवढेच. काही गळत होते, काही नोंद नसलेल्या जोडण्यांतून जात होते, काही तोटी नसलेल्या नळांतून वाहत होते. शिवाय तासाच्या पाण्याची एक खास उधळपट्टी असते: आज नळ आला की काल भरलेले ‘शिळे पाणी’ मोरीत ओतून देतात आणि भांडी पुन्हा भरतात. उद्या पाणी येईल याची खात्री नसल्यामुळे साठवायचे आणि आज आले म्हणून साठवलेले फेकायचे, हा प्रकार मी माझ्या स्वतःच्या घरातही अनेक वर्षे पाहिला आहे आणि आईला त्यावरून बोललोही आहे. अर्थात तिने ऐकले नाही.

‘पाणी पुरत नाही’ या उत्तरावरचा माझा विश्वास उडाला तो कंबोडियाच्या राजधानीमुळे. मी नॉम पेनला गेलेलो नाही. एका प्रशिक्षणात तिथले आकडे फळ्यावर लिहिले गेले, ते मी वहीत उतरवून घेतले, आणि पुढे जिथे मिळेल तिथे त्या शहराविषयी वाचत राहिलो. १९७५ च्या एप्रिलमध्ये ख्मेर रूज या जहाल कम्युनिस्ट राजवटीने ते शहर काही दिवसांत रिकामे केले होते. माणसे खेड्यांत हाकलली गेली आणि त्यानंतरच्या चार वर्षांत शिकलेसवरलेले लोक फार मोठ्या संख्येने मेले किंवा मारले गेले. पाणीपुरवठ्याची जाणकार माणसे त्यांतच गेली. १९९३ साली तिथल्या पाणीपुरवठा प्राधिकरणाची सूत्रे एक सोन चान या अभियंत्याकडे आली. (‘एक’ हे त्यांचे आडनाव, कंबोडियात ते आधी लिहितात.) ते स्वतः ख्मेर रूजच्या राजवटीतून वाचलेले. त्या वर्षी शहराच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याला नळाचे पाणी मिळत होते, तेही दिवसाला दहाएक तास, आणि शुद्ध करून सोडलेल्या दर १०० लिटरपैकी ७२ लिटरांचा पैसा वसूल होत नव्हता. हजार जोडण्यांमागे २२ कर्मचारी होते. त्यांपैकी काही जण चोरून जोडण्या देऊन पैसे कमवत होते.

त्यांनी केलेल्या गोष्टींत चमत्कारिक असे काहीही नाही, आणि मला तेच आवडते. आधी घरोघर फिरून ग्राहकांची यादी नव्याने केली, तेव्हा असे दिसले की हजारो घरांना पाणी मिळते पण त्यांचे नाव वहीत नाही, आणि हजारोंचे नाव वहीत आहे पण त्यांच्याकडे पाणीच पोचत नाही. रस्त्याकडेच्या ज्या टाक्यांतून लोक बादल्यांनी पाणी नेत त्या काढून घराघरांत मीटरसकट जोडणी दिली. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागात किती पाणी शिरले आणि किती मोजले गेले याचा हिशेब ठेवला. गळती दुरुस्त करणारी पथके रात्रंदिवस ठेवली. बिल न भरणाऱ्यांत सरकारी कार्यालये आणि बडी माणसे पुढे होती. एका सेनाधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला गेल्यावर आपल्या डोक्याला पिस्तूल लावले गेले, हा प्रसंग स्वतः चान यांनी सांगितलेला आहे; ते परत गेले, बंदुकधारी शिपाई बरोबर घेऊन आले आणि जोडणी तोडली. काही दिवसांनी त्या अधिकाऱ्याने मुकाट्याने पैसे भरले.

दराची रचना पाहावी. २००१ साली ठरलेल्या दरात घरगुती ग्राहकाला महिन्याच्या पहिल्या ७ घनमीटरला घनमीटरमागे ५५० रियल (हे तिथले चलन) पडत आणि वापर वाढेल तसा दर चढत जाई. गरीब कुटुंबांना जोडणीच्या खर्चात ३० टक्क्यांपासून पूर्ण माफीपर्यंत सवलत होती आणि उरलेले हप्त्यांनी भरता येत असे. ही जोडणीची बाब आपल्याकडच्या चर्चेत नेहमी राहून जाते. गरिबाला महिन्याचे बिल जड जात नाही. एकदम भरायची अनामत, रस्ता खोदाईचे पैसे, प्लंबरची मजुरी आणि फॉर्मला जोडायचे कागद, हे सगळे एका वेळी उभे करणे जड जाते. २०१० च्या आसपास नॉम पेनमधले पैसा वसूल न होणाऱ्या पाण्याचे प्रमाण ७२ वरून ६ टक्क्यांच्या घरात आले होते, पाणी चोवीस तास होते आणि ते थेट नळाचे प्यायले जात होते. चान यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की या शहराला जपान, फ्रान्स, आशियाई विकास बँक आणि जागतिक बँक यांच्याकडून भरपूर मदत मिळाली. मिळाली खरी, पण त्याच काळात इतर शहरांनाही मदत मिळाली आणि तिथली गळती होती तिथेच राहिली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नॉम पेन मेकाँगच्या काठी आहे, तिथे नदीला पाण्याचा तोटा नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या लातूरकरासमोर चोवीस तास पाण्याची गोष्ट काढणे हा उद्धटपणा होईल. जिथे पाण्याचा स्रोतच आटतो तिथला प्रश्न उसाचा, भूजलाचा आणि धरणातल्या वाटपाचा आहे. नळाची चावी फिरवून तो सुटत नाही. पण राज्यातल्या ज्या कित्येक गावांना धरण उशाशी आहे आणि नळ मात्र तासाचा आहे, त्यांना ही सबब सांगता येत नाही.

आणि आपल्याकडे कोणी केलेच नाही असेही नाही. कराडला लागून असलेल्या मलकापूरने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू केले, घराघरांत मीटर बसवले आणि जास्त वापरणाऱ्याला चढा दर लावला. ओडिशातल्या पुरीने जुलै २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी प्या असे जाहीरपणे सांगितले. तिथे मीटर वाचणे, बिल वसूल करणे आणि पाण्याची तपासणी दारात करून दाखवणे ही कामे ‘जलसाथी’ म्हणून नेमलेल्या बचत गटांतल्या बायका करतात. मीटरला आपल्या शहरांत जो विरोध होतो त्याची मी पूर्वी टर उडवत असे. आता उडवत नाही. तासाच्या पाण्यात पाणी येण्याआधी नळातून हवा सुटते आणि त्या हवेने मीटरचे काटे फिरतात, ही तक्रार अगदी खरी आहे. हवेचे बिल कोण भरेल? आधी पाणी अखंड द्यावे आणि मग मोजावे, हा क्रम उलटा झाला की माणसांना त्यात खासगीकरणाचा वास येतो, आणि तो दर वेळी चुकीचा असतो असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

आता पुन्हा त्या गटाराकडे. नवव्या घराच्या पाइपमध्ये जे शिरत होते ते नुसते सांडपाणी नव्हते. त्या गटारात वरच्या अंगाच्या तीन घरांच्या सेप्टिक टँकचे पाणी सोडलेले होते. हे बेकायदा आहे असे कोणालाही वाटत नव्हते, कारण ‘टाकीत सगळे कुजते आणि वरचे पाणी स्वच्छ असते’ असे गवंड्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे मानत. सेप्टिक टँक मैला फक्त खाली बसवते आणि थोडाफार कुजवते. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू भरपूर असतात. म्हणूनच ते पाणी शोषखड्ड्यात जिरवायचे असते आणि दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची असते. आमच्याकडे शोषखड्डा वाचवतात आणि टाकी मोठी बांधतात. ‘एकदाच मोठी बांधा, नातवापर्यंत बघायला नको’, हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की ते कुठल्याशा नियमावलीत असावे असे वाटे. मग टाकीवर फरशी बसते, फरशीवर गाडी उभी राहते, आणि पंधरा वर्षांनी टाकी तुंबली की झाकण नेमके कुठे होते हे सांगणारा माणूस घरात उरलेला नसतो. एका घरी टाकी शोधायला आम्ही दिवाणखान्याची फरशी फोडली होती. टाकी देवघराखाली निघाली.

टाकी उपसणारी गाडी आली तरी ती रिकामी कुठे होते हे विचारायचे नसते. गावाबाहेरचा ओढा, एखाद्याचे पडीक शेत, नाहीतर रात्रीच्या वेळी नदीचा पूल. आणि गाडीची नळी पोचत नसेल तर अजूनही कोणीतरी माणूस आत उतरवला जातो. हाताने मैला साफ करवण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूला १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच मरणे थांबलेली नाहीत हे आले. टाकीतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही बहुधा तिथेच राहतो.

कृष्णाकाठच्या वाईने यावर जो मार्ग काढला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. छत्तीसएक हजार वस्तीच्या या गावात मलनिस्सारणाचे जाळे नाही; घरोघर सेप्टिक टँकच आहेत. जाळे टाकायचे तर खर्च नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेरचा. २०१८ पासून तिथे टाक्या उपसण्याचे वेळापत्रकच केले आहे: टाकी तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी गाडी आपणहून दारात येते, आणि उपसलेला मैला दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात जातो. पूर्वी घरमालकाला आठ-दहा वर्षांनी एकदम मोठी रक्कम मोजावी लागे, म्हणून तो टाळत असे. आता घरपट्टीबरोबर लहानसा स्वच्छता कर भरला की झाले. मोठे यंत्र नाही, भुयारी गटार नाही, फक्त एक वेळापत्रक आणि ते पाळणारी गाडी. हे ऐकायला फार किरकोळ वाटते, आणि बहुधा म्हणूनच त्याच्या उद्घाटनाच्या कोनशिला कमी दिसतात.

खेड्यात तर सेप्टिक टँकची गरजही नसते. एकाआड एक वापरायचे दोन शोषखड्डे पुरतात: एक भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिल्यातल्या मैल्याचे वर्ष-दीड वर्षात वास नसलेले खत होते. देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून गेलेले सुहास मापुस्कर हे आयुष्यभर कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांच्या वाटेने हेच सांगत आणि बांधून दाखवत राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर, २०१७ साली, त्यांना पद्मश्री मिळाली. तरी आजही गवंडी दोन खड्ड्यांच्या जागी एक मोठी टाकी सुचवतो आणि घरमालकाला ते पटते, कारण खड्डा ‘लवकर भरेल’ ही भीती आणि तो उपसायचा कोणी, हा त्यामागचा न बोललेला प्रश्न. तो प्रश्न जातीचा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय स्वच्छता सचिवांनी तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावी स्वतः खड्ड्यात उतरून ते खत हाताने काढले, ते हीच भीती घालवण्यासाठी.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत जुन्या लोखंडी जोडण्या काढून निळे एमडीपीई, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे, पाइप टाकले. हा पाइप गंजत नाही, त्यामुळे मला आनंद झाला आणि मी चष्मा लावून बाहेर जाऊन उभा राहिलो. जोडणी करणारा मुलगा हुशार होता, त्याचे हात झरझर चालत होते. पण पाइप तो पुन्हा गटारातूनच नेत होता, आणि जोड नेमका गटाराच्या मधोमध येत होता. मी त्याला म्हटले, हा जोड अलीकडे घे आणि गटारापुरता पाइप दुसऱ्या मोठ्या पाइपात ओवून घे. तो म्हणाला, “काका, बरोबर आहे तुमचं, पण एस्टिमेटमध्ये तेवढा तुकडा धरलेला नाही.” मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी पाइपचे तीन-तीन फुटांचे दोन तुकडे आणून दिले, एक माझ्या घरासाठी आणि एक काकूंच्या. त्याने ते विनातक्रार बसवले, दोन्ही टोकांना सिमेंट लावले आणि पुढच्या घराकडे गेला.

उरलेल्या एकोणीस घरांसाठी मी नगरपरिषदेत अर्ज दिला आहे. अर्जाची पोच मिळाली आहे. पाणी अजून पावणेसहालाच येते आणि सव्वासातला जाते. काकू पहिल्या दोन बादल्या अजूनही पिंपात ओततात. मी त्यांना थांबवलेले नाही.